वाकड्या मानेचा पत्ता

मेलेली कोंबडी तपासायची म्हटलं की बहुतेकांची कात्री सरळ पोटाकडे जाते. कातडी सोलायची, छातीचं हाड उचलायचं, हृदय, यकृत, प्लीहा, आतडी बघायची, गिझार्ड चिरायचं, शेपटाजवळची बर्सा पाहायची आणि हात धुवायचे. थोड्या वेळात तपासणी संपते. डोकं आणि मान मात्र तशीच राहून जातात. ही सवय अगदी चुकीची आहे असं नाही, कारण पोल्ट्रीतले बरेचसे रोग छातीपोटात दिसतातच. पण शेडवर पक्षी माना टाकू लागले असतील, थरथरत असतील किंवा आकाशाकडे तोंड करून बसत असतील, तर तिथे पोटात शोधून हाती फार काही लागत नाही. कोंबड्यांचं रोगनिदान हे माझं आयुष्यभराचं काम. या कामात मी सगळ्यात जास्त आग्रह कशाचा धरला असेल, तर तो डोकं उघडण्याचा.

पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी पक्षी घेऊन येतात ते खोक्यात, खाद्याच्या रिकाम्या गोणीत, कधी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून. दारातूनच सांगतात, "मॅडम, माना टाकायला लागल्यात." त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "मानमोडीच आहे." मानमोडी म्हणजे राणीखेत. हा विषाणूचा रोग 1926 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला नोंदवला गेला आणि त्यानंतर लवकरच कुमाऊंमधल्या राणीखेतला. आपल्याकडे त्याचा इतका धसका आहे की मान वाकडी दिसली की निदान झालंच, असं धरून चालतात. मग शेजारी सांगेल ती लस, दुकानदार देईल ते औषध पाण्यात घातलं जातं. खरोखर राणीखेत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर पैसे जातात, दिवस जातात आणि खरं कारण शेडमध्ये तसंच राहतं.

वाकडी मान हे लक्षण आहे. दुखण्याचं ठिकाण मानेत असेलच असं नाही. ते कानात असू शकतं, कवटीच्या हाडात, लहान मेंदूत, मेंदूच्या देठात, एखाद्या नसेत, किंवा खाद्याच्या गोणीतसुद्धा. कुठे शोधायचं हे कळायला या पक्ष्याचं डोकं आणि मान कशी जोडलेली आहे, हे आधी माहीत असावं लागतं.

जिवंत पक्षी हातात आला की मी त्याचं धड दोन्ही तळव्यांत धरते आणि सावकाश डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हलवते. निरोगी कोंबडीचं धड कुठेही गेलं तरी डोकं हवेत एकाच जागी थांबून राहतं. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. तपासणाऱ्यासाठी मात्र ही पहिली चाचणी आहे. कोंबडीचे डोळे डोक्याच्या मानाने प्रचंड मोठे असतात. दोन्ही मिळून जवळजवळ मेंदूच्या वजनाचे भरतात. ते खोबणीत इतके घट्ट बसलेले असतात की फिरायला फारशी जागाच उरत नाही. बुबुळाभोवती हाडाच्या छोट्या पट्ट्यांचं एक कडंही असतं. आपण नजर फिरवतो ती डोळ्यांच्या स्नायूंनी, कोंबडी फिरवते ती मानेनं. चालतानाही तिचं डोकं पुढे जातं, थांबतं, मग धड त्याच्यापर्यंत पोहोचतं, कारण थांबलेल्या डोक्यालाच जग स्थिर दिसतं. कोंबडी मानेनं बघते असं म्हटलं तरी चालेल.

त्यासाठी मानही तशीच घडलेली आहे. माणूस असो, उंदीर असो की जिराफ, मानेत मणके सातच. कोंबडीला मात्र 14. आपली कवटी पहिल्या मणक्यावर दोन उंचवट्यांनी टेकते, कोंबडीची एकाच गोल उंचवट्यावर. म्हणूनच ती डोकं मागे फिरवून शेपटाजवळच्या तेलग्रंथीपर्यंत चोच नेऊ शकते. या सगळ्या हालचालीला हुकूम येतो तो आतल्या कानातून. डोकं किती कललं, किती वेगानं वळलं, याची खबर तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिका मेंदूच्या देठाला देतात. तिथून ती लहान मेंदूकडे जाते आणि लहान मेंदू मानेच्या स्नायूंना किती ताणायचं, किती सोडायचं ते सांगतो. ही साखळी कुठेही तुटली की बाहेर दिसणारं चित्र एकच: मान वाकडी. म्हणून टेबलावर मी ही साखळी कडी कडीनं बघत जाते.

पहिल्यांदा बाहेरचं डोकं. तुऱ्याचा रंग, चोचीखालचे लोंबते लाल पदर, पापण्या, नाकपुड्या. तुरा रक्तानं भरलेला असतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तो उपयोगी पडतो, आणि रक्ताभिसरण कोलमडलं की तो आधी काळानिळा पडतो. डोळ्याखालची जागा बोटानं दाबून पाहायची. तिथे कातडीखाली एक पोकळी आहे. तिच्या बाहेरच्या बाजूला हाडाची भिंतच नसते, त्यामुळे सर्दीच्या रोगांत, विशेषतः कोरायझात, ती भरली की चेहऱ्याची ती बाजू फुगून येते. मग चोच उघडायची. टाळूवर मधोमध एक लांब फट दिसते. नाकाची पोकळी या फटीतून तोंडात उघडते. आपल्यासारखा मऊ टाळू कोंबडीला नाही. म्हणूनच पाणी प्यायल्यावर तिला डोकं वर करावं लागतं.

या फटीचा शेतकऱ्यांना रोजच्या कामात एक उपयोग आहे आणि तो मी प्रत्येकाला आवर्जून दाखवते. राणीखेतवरची लासोटा ही लस डोळ्यात थेंब टाकून देतात. पिल्लू खरंच लसलं गेलं का, हे कसं कळायचं? लसीच्या पाण्यात निळा रंग असेल, तर तो थेंब डोळ्यातून अश्रूंच्या नलिकेनं नाकात, नाकातून त्या फटीनं तोंडात येतो आणि जिभेवर निळी छटा दिसते. चोच उघडून जीभ पाहिली की काम नीट झालं की नाही ते समजतं. थेंब डोळ्यातच टाकायचा यालाही कारण आहे. डोळ्याच्या गोळ्यामागे हार्डेरियन नावाची एक ग्रंथी असते. ती डोळा ओला ठेवते, आणि तिच्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी दाटीवाटीनं असतात. विषाणू ज्या वाटेनं येतो त्याच वाटेवरचा पहारेकरी लसीनं जागा होतो. पिल्लानं पापणी मिटेपर्यंत हात सोडायचा नाही, असं मी सांगते तेव्हा त्यामागे ही ग्रंथी असते. घाईनं पिल्लं फेकत गेलं, तर थेंब गालावरून ओघळून जातो. लसीकरण झाल्याची नोंद होते आणि पिल्लू मात्र उघडंच राहतं.

मग मान. चोचीच्या कोपऱ्यातून कात्री घालून मानेची कातडी छातीपर्यंत उघडली की आत सगळी मांडणी दिसते. श्वासनलिकेची कडी पूर्ण गोल, बांगड्यांसारखी. आपल्यासारखी मागून उघडी नाहीत. ती नलिका उभी चिरून आत रक्त, पू, पिवळट गुठळी आहे का ते पाहायचं. अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूला असते आणि छातीच्या तोंडाशी ती फुगून अन्नपिशवी बनते. मानेतली शीरही उजवीकडची जास्त जाड असते. शिरेला लागून दोन्ही बाजूंना फिकट रंगाच्या चपट्या गाठींची माळ असते. ही थायमस ग्रंथी. माणसात ती छातीत असते, कोंबडीत मानभर पसरलेली. रोगप्रतिकारशक्तीच्या दोन मोठ्या शाखा आहेत. त्यांपैकी टी पेशी या थायमसमध्ये तयार होतात. दुसऱ्या शाखेचा, बी पेशींचा शोध लागण्याची वाटही कोंबडीतूनच गेली. 1956 साली ब्रूस ग्लिक यांनी शेपटाजवळची बर्सा काढलेल्या कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडं तयार होत नाहीत असं दाखवलं. माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीचा अर्धा नकाशा या पक्ष्यानं काढून दिला आहे, हे मी विद्यार्थ्यांना मानेच्या टेबलावरच सांगते.

थायमसच्या शेजारून व्हेगस ही नस जाते. लेयरच्या तरण्या पक्ष्यांत मान लुळी पडली, पंख लोंबले, एक पाय पुढे आणि एक मागे राहिला, तर मॅरेक्सची शंका घ्यायची. बुडापेस्टच्या योसेफ मॅरेक यांनी 1907 साली या रोगाचं पहिलं वर्णन केलं. त्यात पायाच्या मोठ्या नसा, कधी व्हेगससुद्धा, एका बाजूला जाड होतात, करड्या दिसतात आणि त्यांच्यावरच्या बारीक आडव्या रेघा नाहीशा होतात. दोन्ही बाजूंच्या नसा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ही जाडी कळत नाही. या रोगाची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली टोचतात. विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरवर लस चालते, हे जगाला पहिल्यांदा या लसीनं दाखवलं.

मानेच्या मागच्या बाजूला, डोक्याच्या बुडाशी एक स्नायू असतो. मोठ्या पक्ष्यात त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण अंड्यातल्या पिल्लाचं जगणं त्याच्यावर असतं. 21 दिवसांच्या उबवणीच्या अखेरीला पिल्लू डोकं उजव्या पंखाखाली घालून बसलेलं असतं. तो स्नायू फुगून दणकट होतो. त्याच्या झटक्यानं चोचीवरचा टोकदार दाणा आधी हवेच्या पोकळीचा पडदा फाडतो, मग कवच फोडतो. बाहेर आल्यानंतर थोड्याच दिवसांत तो स्नायू पुन्हा आकसतो. कवच न फुटता आत मेलेली पिल्लं तपासताना मी हा स्नायू आणि डोक्याची दिशा बघते. डोकं चुकीच्या बाजूला असेल, तर प्रश्न उबवणीतला असू शकतो, अंडी यंत्रात उलटी लावण्यापासून ते नीट न फिरवण्यापर्यंत.

आता कवटी. पहिल्या मणक्याच्या सांध्यावर डोकं वेगळं करायचं, कातडी तुऱ्यासकट पुढे चोचीपर्यंत ओढायची. मग मागच्या मोठ्या भोकातून टोकदार कात्री घालून दोन्ही बाजूंनी कडेकडेनं डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत कापत जायचं, पुढे एक आडवा छेद घेऊन वरचं टोपण अलगद उचलायचं. पिल्लाची कवटी इतकी मऊ असते की साध्या बारीक कात्रीनंही निघते. त्यानंतर डोकं उलटं धरायचं आणि मेंदूला धरून ठेवणाऱ्या नसा एकेक कापायच्या. मेंदू आपल्याच वजनानं तळहातावर उतरतो. ओढला की फाटतो. घाई करणाऱ्या हातांना या कामात जागा नाही.

मोठ्या कोंबडीचा मेंदू साधारण 3 ते 4 ग्रॅमचा. पुढे दोन गुळगुळीत अर्ध, आपल्या मेंदूवर असतात तशा वळ्या नाहीत. दोन्ही बाजूंना खाली दृष्टीचे दोन मोठे गोळे. प्रत्येक डोळ्याची नस पूर्णपणे विरुद्ध बाजूला जाते, म्हणजे उजव्या डोळ्यानं पाहिलेलं डाव्या गोळ्याकडे. मागे आडव्या घड्यांचा लहान मेंदू, त्याच्याखाली देठ. वास घेणारा भाग अगदी छोटा. मेंदूचा कुठला भाग किती मोठा आहे, यावरून हा पक्षी डोळ्यांवर आणि तोलावर जगतो हे दिसतं.

इथपर्यंत आलं की वाकड्या मानेचे पत्ते एकेक करून तपासता येतात.

दोन-चार आठवड्यांची पिल्लं पाय मारत पडत असतील, मान मागे किंवा बाजूला ओढली जात असेल आणि लहान मेंदू सुजलेला, त्यावर रक्ताचे ठिपके असतील, तर ते ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण. एक-दोन दिवस गेले असतील तर तिथे पिवळट-हिरवट, मऊ पडलेले भाग दिसतात. कारण बहुतेक वेळा खाद्यात सापडतं, तेल खवट झालेलं असतं. खवट तेल ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. खाद्य बदललं आणि जीवनसत्त्व पाण्यातून दिलं की नवीन पिल्लं आजारी पडणं थांबतं. ज्यांच्या लहान मेंदूचा भाग मेला, ती मात्र पूर्ण बरी होत नाहीत, आणि हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं.

पिल्लू गुडघ्यांवर बसून डोकं पाठीवर टाकून आकाशाकडे बघत असेल आणि मेंदू उघडून काहीच दिसत नसेल, तर बी-1, म्हणजे थायमिन, आठवायचं. अशा पिल्लाला थायमिनचं इंजेक्शन दिलं की काही तासांत मान सरळ होते. तेव्हा निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. कॉक्सिडिओसिसवरच्या काही औषधांची, विशेषतः अँप्रोलियमची मात्रा जास्त झाली की थायमिनची कामं अडतात. त्यामुळे अशा वेळी पाण्याच्या टाकीत काय आणि किती घातलं, ही चौकशी मेंदूइतकीच महत्त्वाची.

या आकाश बघणाऱ्या कोंबड्यांचं माणसावर मोठं ऋण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जावा बेटावरच्या बटाविया शहरात क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही काळानं आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवीन आचारी आला, त्यानं लष्कराचा भात नागरी कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या. त्या धाग्यातून पुढे थायमिन सापडलं, जीवनसत्त्वांची कल्पना उभी राहिली. 1929 साली आइकमान यांना नोबेल मिळालं. मी एखाद्या लुळ्या पिल्लाला बी-1 टोचते तेव्हा उलट दिशेनं तीच वाट चालत असते.

आठवड्या-दोन आठवड्यांची पिल्लं हातात घेतल्यावर डोकं आणि मान बारीक थरथरताना बोटांना जाणवत असेल, पण मेंदू दिसायला चांगला असेल, तर विषाणूनं होणारा मेंदू-मज्जेचा दाह. हा आईकडून अंड्यातून येतो. म्हणजे त्याची मुळं पिल्लांच्या शेडमध्ये नाहीत, ब्रीडर कळपाच्या लसीकरणात आहेत. मेंदूवर पिवळट-पांढऱ्या गाठी असतील आणि तशाच फुफ्फुसात असतील, तर बुरशी. तेव्हा ओला, बुरसलेला तूस बघायला शेडवर जायचं. मोठ्या पक्ष्यात मान एका बाजूला पिळलेली, पण मेंदू स्वच्छ आणि कवटीच्या हाडांच्या पोकळीत किंवा मधल्या कानात चिकट पिवळा पू असेल, तर फाउल कॉलरा जुना होऊन कानात शिरलेला असतो. मान पिळलेली नसून दोरीसारखी सैल पडलेली असेल, पक्षी आधी पायानं, मग पंखानं, मग मानेनं आणि शेवटी पापण्यांनी ढिला पडत गेला असेल, तर बोट्युलिझम. मेंदूत काही नाही, नसांत काही नाही. उत्तर असतं न उचललेल्या मेलेल्या पक्ष्यांत आणि त्यांच्यावर वाढलेल्या अळ्यांत.

आणि राणीखेत? गंमत अशी, की मज्जासंस्थेला झालेल्या राणीखेतमध्येही मेंदू डोळ्यांना बऱ्याचदा चांगलाच दिसतो. जखम सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रक्तवाहिन्यांभोवती पेशींची दाटी, चेतापेशींचा नाश. म्हणून मेंदूचे दोन भाग करायचे. एक 10 टक्के फॉर्मालिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा बर्फावर विषाणूच्या तपासणीसाठी. डोकंच उघडलं नाही, तर "पोटात काही सापडलं नाही, राणीखेत असावी" असा अंदाज हाती राहतो आणि त्याच अंदाजावर पुढची बॅच टाकली जाते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कुतूहलापेक्षा वर ठेवावी लागते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्या रोगातही डोकं सुजतं, तुरा निळा पडतो, मान वाकडी होते. अचानक मोठ्या संख्येनं मर होत असेल आणि डोकी अशी दिसत असतील, तर शेडवर पक्षी उघडायचा नाही. कात्री ठेवायची, शेडचं दार बंद करायचं आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं. अशा संशयित नमुन्यांची खातरजमा भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते. डोकं उघडण्याचा माझा आग्रह या ठिकाणी थांबतो. शेतकऱ्याच्या, त्याच्या घरच्यांच्या आणि तपासणाऱ्याच्या जिवापेक्षा निदान मोठं नाही.

अनेक वर्षं हा मेंदू तळहातावर घेतल्यावर, कोंबडीला मेंदू नसतोच असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. ही समजूत नुसती लोकांची नव्हती, शास्त्राचीही होती. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग एडिंगर यांच्या मांडणीनं पक्ष्यांच्या पुढच्या मेंदूचा बहुतेक भाग उपजत वागणुकीचा आणि खालच्या दर्जाचा ठरवला गेला आणि त्या भागांची नावंही तशीच पडली. जवळजवळ शंभर वर्षांनी, 2004-05 च्या सुमाराला, मेंदूशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं ती नावं बदलली, कारण त्या भागाचा मोठा हिस्सा आपल्या विचार करणाऱ्या मेंदूशी नातं सांगणारा आहे हे सिद्ध झालं होतं. 2016 साली पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या गेल्या. कोंबडीचा रानातला पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्याच्या त्या एवढ्याशा मेंदूत त्या 20 कोटींच्या आसपास भरल्या. आणखी एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. आपल्या आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. कोंबडीच्या परत उगवतात, हे 1988 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पक्ष्यांवर दाखवलं. बहिऱ्या माणसाच्या कानात तसं का होत नाही, हा प्रश्न आजही याच पक्ष्याच्या कानापासून सुरू होतो.

मेंदूच्या देठाबद्दल बोलताना मी अमेरिकेतल्या एका कोंबड्याची गोष्ट सांगते. कोलोरॅडोमधल्या फ्रूटा गावी 10 सप्टेंबर 1945 रोजी लॉइड ओल्सन या शेतकऱ्यानं कोंबडा कापला, पण कुऱ्हाडीचा घाव वर बसला. तो माइक नावाचा कोंबडा त्यानंतर दीड वर्ष जगला. मालक त्याच्या अन्ननलिकेत ड्रॉपरनं दूध-पाणी घालत असे. हा चमत्कार नव्हता. कोंबडीच्या कवटीचा पुढचा भाग मोठ्या डोळ्यांनी भरलेला असतो आणि मेंदू मागे, तिरका बसलेला असतो. घाव त्या कोनात गेला, तर चोच आणि डोळे जातात, पण मेंदूचा देठ, आणि त्याच्याबरोबर मेंदूचा बराच भाग, मानेला तसाच राहू शकतो. श्वास, हृदय, तोल, चालणं, इतकं सगळं तो चालवतो. लोकांनी त्या कोंबड्याला जत्रेत फिरवून पैसे मिळवले. मला ती गोष्ट दुःखाची वाटते आणि तिचा एकच धडा मी घेते: चुकलेला घाव या पक्ष्याला मारत नाही, यातना देतो.

हा धडा रोजच्या कामाचा आहे. बऱ्या न होणाऱ्या पक्ष्याला शेडवर मारावंच लागतं. मानेला पिळा देत बसणं किंवा जमिनीवर आपटणं, यानं मेंदूचा देठ मज्जारज्जूपासून सुटेलच असं नाही. कवटी आणि पहिल्या मणक्यांच्या मध्ये, अगदी डोक्याच्या बुडाशी, एकाच ठाम हालचालीनं सांधा निखळला पाहिजे. त्यानंतर पंख फडफडतात. ती हालचाल मज्जारज्जूची असते. ते पाहून घाबरून पुन्हा पुन्हा ओढायची गरज नसते. डोळ्याला हलकेच बोट लावून पापणी मिटते का, श्वास चालू आहे का, हे पाहायचं. कापतानाही तेच. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या मानेच्या बहुतेक लांबीत मणक्यांच्या खोबणीत, स्नायूंखाली खोल दडलेल्या असतात. सुरी डोक्याच्या जवळ आणि पुरेशी खोल गेली नाही, तर पक्षी उगीच जास्त वेळ शुद्धीवर राहतो. पिल्लांच्या चोची कापण्याबाबतही मी हेच सांगते. चोच नखासारखी निर्जीव नाही. तिच्या टोकाशी स्पर्शाच्या नसांची दाटी असते, आणि जास्त कापलं की तिथे दुखऱ्या गाठी राहतात.

म्हणून पक्षी तपासायला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगते. फक्त मेलेले पक्षी आणू नका, मान वाकडी झालेले एक-दोन जिवंतही आणा, कारण मेलेल्या पक्ष्याची मान पुन्हा सरळ होते आणि तिनं दाखवलेली दिशा हरवते. आणि शेवटचं खाद्य, औषधाची बाटली, लसीकरणाची वही बरोबर ठेवा. नव्या पशुवैद्यकांना तिसरी गोष्ट सांगते. पोटात कारण मिळालं, तरी डोकं उघडा. निरोगी मेंदू कसा दिसतो हे हाताला ठाऊक नसेल, तर आजारी मेंदू समोर येऊनही ओळखू येणार नाही. एका शेडमध्ये हजारो पक्षी असतात, त्यामागे एका कुटुंबाचं कर्ज, मुलांची फी, पुढच्या बॅचची उधारी असते. तीन-चार ग्रॅमचा मेंदू बघायला लागणारी दहा मिनिटं त्या कुटुंबाची असतात आणि ती वाचवायचा अधिकार आपल्याला नाही.